स्कोपमधून लख्ख दिसतं, मग फोटो धूसर का येतो?

स्पॉटिंग स्कोप (लांबचे पक्षी पाहायची एकनळी दुर्बीण) घेतला, ट्रायपॉड घेतला, मोबाइल अडकवायचा अ‍ॅडॉप्टर मागवला आणि पहिल्याच रविवारी आक्षीच्या नाहीतर आंजर्ल्याच्या पुळणीवर जाऊन पक्ष्यांचे भरपूर फोटो काढले. डोळा लावून पाहताना चिखल्याच्या पाठीवरचं पीस न् पीस दिसत होतं. घरी येऊन फोटो मोठे करून पाहावेत तर सगळे पिठूळ. कडेला काळं वर्तुळ, बगळ्याच्या जागी नुसता पांढरा डाग, आणि ज्या कुरवाची ओळख पटवायला एवढा खटाटोप केला त्याच्या चोचीवरची खूण दिसतच नाही. कोकणात डिजिस्कोपिंग, म्हणजे स्कोपला कॅमेरा किंवा मोबाइल लावून फोटो काढणं, सुरू केलेल्या बहुतेकांची दर हिवाळ्यात हीच तक्रार असते. पाठोपाठ प्रश्नही ठरलेला: स्कोप बदलू की मोबाइल?

बहुतेक वेळा दोन्ही बदलायची गरज नसते. मलेशियाच्या लॉरेन्स पो यांनी १९९९ च्या सुमारास स्कोपच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) साधा डिजिटल कॅमेरा टेकवून फोटो काढले आणि हे तंत्र जगभरच्या पक्षीनिरीक्षकांपर्यंत पोचलं. त्या कॅमेऱ्यांत जेमतेम दोन मेगापिक्सेल असायचे. तुमच्या खिशातला मोबाइल त्याच्या कितीतरी पुढे आहे, तेव्हा कमी पडतंय ते दुसरंच काहीतरी. काय कमी पडतंय हे फोटोच सांगतो. हवा, हादरा, फोकस आणि मोबाइलची नको तितकी हुशारी, या चारही गोष्टी फोटोत आपापली वेगळी खूण सोडतात. ती ओळखायला शिका, मग पैसे कुठे खर्च करायचे ते ठरवा.

खूण ओळखायची कशी

पक्षी स्थिर बसलेला असताना फोटोऐवजी दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. सुरू केला की हात पूर्ण बाजूला. नंतर तो सावकाश, मोठा करून पाहा. फ्रेम जागच्या जागी आहे, पण पक्ष्याची कड आणि मागची वाळू थरथरत वेडीवाकडी होतेय, असं असेल तर दोष हवेचा. सगळी फ्रेम एकदम डुलत असेल तर ट्रायपॉड किंवा वारा. पक्षी मऊ दिसतोय पण त्याच्या हातभर पुढची किंवा मागची वाळू कणाकणाने स्पष्ट आहे, तर फोकस चुकला. व्हिडिओ स्वच्छ आणि फोटो मात्र खराब असेल, तर शटर दाबताना धक्का बसतोय नाहीतर मोबाइलचं एचडीआर (अनेक फोटो जोडून एक करण्याची सोय) मध्ये येतंय. आणि वाळू स्पष्ट, पक्ष्याचं धड स्पष्ट, फक्त पाय आणि चोच पुसट असेल तर शटरचा वेग पुरला नाही.

गेल्या हिवाळ्यात आंजर्ल्याला जोग नदीच्या मुखाशी दापोलीला शिकणारा एक मुलगा भेटला. "काका, हा स्कोप विकून मोठा घेऊ का?" म्हणाला आणि मोबाइल पुढे केला. फोटो सँड प्लोव्हरचा, म्हणजे पुळणीवरच्या चिखल्याचा, होता. मोठा करून आधी डोळा पाहिला. पक्ष्याच्या डोळ्यात उजेडाचा एक ठिपका असतो, तो गोल असायला हवा. इथे त्याची उभी रेघ झाली होती. पायातल्या सांध्यालाही वर-खाली दुहेरी कड होती, आडवी कुठेच नाही. हवेचा दोष असता तर कड सगळ्या बाजूंनी वेडीवाकडी झाली असती. फोकसचा असता तर ठिपका पसरून मोठा झाला असता, पण गोलच राहिला असता. नुसती उभी रेघ म्हणजे पडद्यावरचं बटण दाबताना स्कोप खाली झुकून वर आला होता. "तीन सेकंदांचा टायमर लाव आणि तोच पक्षी परत काढ," एवढंच त्याला सांगितलं. त्याच स्कोपमधून, त्याच जागेवरून, ठिपका गोल आला.

पक्षी कुठलाही असो, मी फोटोतला तो ठिपका आधी पाहतो. पिसांकडे पाहून मन फसतं, ठिपक्याकडे पाहून फसत नाही.

एवढं करूनही साहित्याबद्दल शंका उरत असेल तर घरीच परीक्षा घ्या. सकाळी लवकर, ऊन तापायच्या आधी, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला साधारण पंधरा मीटरवर वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवा. स्कोप २० पटीवर, ट्रायपॉड फरशीवर, टायमर लावून फोटो. बातमीतला बारीक मजकूर वाचता आला की स्कोप, अ‍ॅडॉप्टर आणि मोबाइल तिन्ही ठीक आहेत असं समजा. समुद्रावर जे बिघडतं ते मग समुद्रावरच शोधायचं.

काळं वर्तुळ

हे वर्तुळ दोन प्रकारचं असतं आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत.

चारी बाजूंनी सारखं, कडा स्वच्छ असलेलं वर्तुळ हा बिघाडच नाही. २० ते ६० पटीच्या झूम आयपीसमधून २० पटीवर डोळ्यासमोर जे क्षेत्र दिसतं ते चाळीसएक अंशांचं असतं. मोबाइलचा मुख्य कॅमेरा सत्तरएक अंश पाहतो. मग कडेला काळं राहणारच. मोबाइलवर दीडपट ते दुप्पट झूम करा, वर्तुळ फ्रेमबाहेर जातं. ते घालवण्यासाठी स्कोपचा झूम वाढवू नका, त्याचं कारण पुढे येईल.

एका बाजूने चंद्रकोरीसारखी सावली येत असेल तर मात्र मोबाइलची लेन्स आयपीसच्या मध्यावर नाही. हे काम पुळणीवर, पक्षी समोर असताना करायचं नसतं. घरी पांढऱ्या भिंतीकडे स्कोप रोखा, अ‍ॅडॉप्टरचे स्क्रू सैल करा आणि वर्तुळ पडद्याच्या बरोबर मध्ये येईपर्यंत मोबाइल सरकवा. मग अंतर. आयपीसचा रबरी कप वर-खाली फिरवून पाहा: मोबाइल जास्त लांब असेल तर वर्तुळ आकसतं, जास्त जवळ असेल तर काळे ढग फ्रेममधून तरंगत जातात. मधली जागा सापडली की स्क्रू घट्ट करा आणि अ‍ॅडॉप्टरवर मार्करने खूण करून ठेवा. मोबाइलचं कव्हर एकदा काढून जुळवणी केली असेल तर पुढेही दर वेळी काढूनच. कव्हरच्या दोन मिलिमीटरने सगळी जुळवणी बिघडते.

आणखी एक प्रकार हल्ली फार दिसतो. मोबाइलवर झूम करता करता पडदा अचानक काळा होतो किंवा आयपीसची कडच दिसायला लागते. आजकालच्या मोबाइलला दोन-तीन लेन्स असतात आणि ठरावीक झूमनंतर तो आपणहून दुसरी लेन्स चालू करतो. तुम्ही आयपीससमोर बसवलेली असते मुख्य लेन्स. काही मोबाइल तर आयपीस जवळ दिसला की मॅक्रोसाठी वाइड लेन्सवर जातात. सेटिंगमध्ये ऑटो मॅक्रो बंद करा आणि शक्य असेल तर प्रो मोडमध्ये जाऊन मुख्य लेन्स पक्की करा. सध्या कुठली लेन्स चालू आहे ते पाहायला एकेका लेन्सवर बोट ठेवावं, लगेच कळतं.

६० पटीचा मोह

आयपीसवर ६० आकडा लिहिलेला असतो म्हणून हात तिकडे जातो. पण हिशोब पाहा. ६५ मिलिमीटरच्या स्कोपमधून २० पटीवर डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत ६५ भागिले २०, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाडीचा असतो. मोबाइलच्या मुख्य लेन्सचं छिद्रही साधारण तेवढंच, म्हणून प्रकाश जवळजवळ पूर्ण वापरला जातो. ६० पटीवर तोच झोत एक मिलिमीटरच्या आसपास येतो. झूम तिप्पट, प्रकाश नऊ पट कमी. २० पटीवर १/९०० सेकंदाचा वेग मिळत असेल तर त्याच आयएसओवर (कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेच्या आकड्यावर) ६० पटीला १/१०० उरतो. शिवाय हादराही तिप्पट मोठा दिसतो आणि हवेची थरथरही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बिघडल्यावर चांगला फोटो कुठून येणार?

उलट २५ पट झूम आणि मोबाइलची, फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या मापात २६ मिलिमीटर भरणारी लेन्स यांचा गुणाकार ६५० मिलिमीटर होतो. मोबाइलवर दुप्पट केलं की १३००. कॅमेऱ्यावर एवढी लेन्स घ्यायची म्हटलं तर स्कोपच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतील. माझं मत स्पष्ट आहे: ६० पट पाहायला ठेवा, फोटो २० ते ३० च्या मध्येच काढा. पक्षी लहान आला तरी चालेल, कापून मोठा करता येतो.

पक्षी सापडतच नसेल तर तोही झूमचाच प्रश्न असतो. शोधायला नेहमी सगळ्यात कमी झूम. स्कोपच्या नळीवर एक प्लॅस्टिकची झिप-टाय आवळून तिचं टोक उभं ठेवा आणि ते टोक पक्ष्याच्या रेषेत आणा. बंदुकीच्या माशीसारखा उपयोग होतो.

हवा, ऊन आणि भरती

आपल्या किनाऱ्यावर खराब होणाऱ्या फोटोंतले सर्वाधिक या तीन गोष्टींमुळेच खराब होतात, आणि याच बाबतीत बाहेरून आलेले सल्ले अपुरे पडतात.

वाळू तापली की तिच्यावरची हवा तापते, वरची हवा थंड असते, आणि दोन्हीतून जाताना प्रकाश वाकत राहतो. नुसत्या डोळ्याला हे कळत नाही, २५ पटीवर कळतं. कोकणात जानेवारीतही कोरड्या वाळूवर नऊ-साडेनऊनंतर थरथर सुरू होते, वाळू काळसर असेल तर आणखी लवकर. यावर कुठलीही महागडी काच उपाय नाही. तुम्ही आणि पक्षी यांच्यामधली कोरडी वाळू कमी करणं हाच उपाय. सुरूच्या बनाच्या सावलीत बसून शंभर मीटर तापलेल्या वाळूवरून नेम धरण्यापेक्षा ओल्या वाळूच्या पट्ट्यावर उतरा आणि किनाऱ्याला समांतर फोटो काढा. ओली वाळू उशिरा तापते. ढगाळ दिवस मिळाला तर दुपारीही काम होतं.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे मतलई वारा जमिनीवरची गार हवा खाडीच्या कोमट पाण्यावर आणतो, तेव्हा सूर्य उगवायच्या आधीही पाण्यावरून काढलेले फोटो थरथरलेले येतात. अशा वेळी पाण्यापलीकडचा पक्षी सोडून अलीकडच्या काठावरचा निवडावा.

आता ऊन. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेच्या बाजूने उगवतो, म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की सकाळी ऊन डाव्या खांद्यामागून येतं आणि पक्ष्यावर थेट पडतं. याहून चांगला प्रकाश मागितला तरी मिळायचा नाही. फक्त मागे डोंगर, माडाच्या बागा आणि सुरूची बनं असल्यामुळे सूर्योदय सातच्या सुमाराला झाला तरी पुळणीवर ऊन यायला पाऊण-एक तास लागतो. त्याआधी सावलीतला निळसर उजेड असतो, त्यात धावणारा सँडर्लिंग टिपायला गेलं की हमखास पुसट येतो. पावणेआठ ते सव्वानऊ हा खरा वेळ. चहा-नाश्ता त्यानंतर.

संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव सुरू असतो, कुरव आणि घारी अगदी जवळ येतात, म्हणून सगळे तेव्हाच स्कोप घेऊन जातात. पण तेव्हा सूर्य समुद्रावर, समोर असतो. काळ्या आकृत्याच हव्या असतील तर जावं, पिसांचा रंग आणि चोचीवरचे डाग हवे असतील तर नाही. आणि हे मनापासून सांगतो: मावळता सूर्य कितीही तांबूस, मवाळ दिसला तरी स्कोप त्याच्याकडे रोखून डोळा लावू नका. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, मोबाइलचा सेन्सरही जळतो.

राहिली भरती, आणि पक्षी किती अंतरावर येणार हे तीच ठरवते. आपल्याकडे जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण बेत आखायला पुरतो. म्हणजे दशमी ते द्वादशी, दोन्ही पक्षांत, सकाळचं ऊन आणि चढती भरती एकाच वेळी मिळतात. केळशीला भारजा नदीच्या मुखाशी किंवा भाट्याला काजळीच्या मुखाशी चिखलावर विखुरलेले टिलवे, पाणटिवळे, चिखल्ये पाणी चढेल तसे मागे सरकत सरकत आपल्याकडे येतात. तुम्ही फक्त शांत बसायचं.

पौर्णिमा-अमावास्येला बरोबर उलटं होतं. उजाडताना पूर्ण सुकती, पक्षी तीनशे मीटरवर ठिपके होऊन चरत असतात, आणि भरती येते ती भर दुपारी, वाळू तापल्यावर. उधाणाचं पाणी बघायला तो दिवस छान, फोटोला नाही. सुट्टी पौर्णिमेला आली म्हणून लोक त्याच दिवशी जातात आणि निराश होऊन स्कोपला दोष देतात.

सिंधुदुर्गात सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जाते तिथे कुरव, सुरय आणि ब्राह्मणी घारी माणसांची पर्वा न करता जमतात. रापणकरांना आधी विचारावं, त्यांच्या दोरापासून बाजूला उभं राहावं, आणि फोटो झाल्यावर दाखवावेत. ओळख झाली की पुढच्या वेळी तेच सांगतात, उद्या कुठे ओढणार आहेत ते.

भरतीच्या वेळी एका जागी थवा करून बसलेल्या पक्ष्यांकडे चालत जाऊ नका. तो त्यांचा विश्रांतीचा वेळ असतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते. माना वर झाल्या, एक-दोघांनी पंख उचलले, की थांबायचं. समुद्र गरुडाच्या घरट्याबाबत तर आणखी जपून: उंच झाडावरचं घरटं दूरवरून, आडोशाने, थोडा वेळ. स्कोप आपण घेतला तो याचसाठी की जवळ जावं लागू नये.

हादरा

वाळूत ट्रायपॉड नुसता ठेवला तर तो फोटो काढता काढता खचत राहतो. तिन्ही पाय हाताने दाबून, जरा फिरवत, पुढे जाईनासे होईपर्यंत रुतवा. मऊ वाळू असेल तर पायांखाली नारळाची सोडणं ठेवली तरी चालतं, पुळणीवर ती कुठेही मिळतात. लाटेचं पाणी पायाशी येत असेल तिथे उभं करूच नये, प्रत्येक लाट पायाखालची वाळू नेते.

मधली दांडी वर करू नका. उंची हवी असेल तर आधी जाड पाय पूर्ण काढा, बारीक सगळ्यात शेवटी. खरं तर खाली बसणं सगळ्यात उत्तम: ट्रायपॉड आखूड होतो, वारा कमी लागतो आणि पक्षी डोळ्याच्या पातळीवर येतो. फक्त कोरड्या वाळूवरची थरथर खाली जास्त असते, तेव्हा बसायचं ते ओल्या पट्ट्यातच. दुपारकडे खारे वारे सुटले की स्कोपचं पुढचं झाकण, मोबाइलची दोरी, लोंबणारं काहीही काढून ठेवा. ट्रायपॉडला पिशवी अडकवली तर ती जमिनीला टेकलेली हवी, अधांतरी पिशवी झोके घेते आणि स्कोपही हलवते.

शटरला बोट लावू नका. दोन-तीन सेकंदांचा टायमर, ब्लूटूथ रिमोट, किंवा वायरवाल्या हेडफोनचं आवाजाचं बटण, यातलं काहीही चालतं. टायमरला बर्स्टची (पाठोपाठ अनेक फोटो घेण्याची) जोड दिली तर उत्तम, कारण पक्षी कधी मान वळवेल सांगता येत नाही. चरणाऱ्या पक्ष्याला १/५०० तरी वेग हवा. तेवढा मिळत नसेल तर आयएसओ वाढवा. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

फोकस आणि मोबाइलची हुशारी

डोळ्याने फोकस केला आणि मग मोबाइल लावला, ही पद्धत सोडा. चष्मा, डोळ्याचा ताण, मोबाइलचं स्वतःचं फोकस, सगळं मिळून जागा बदलते. मोबाइल लावूनच, पडद्यावर पक्ष्याचा डोळा मोठा करून, स्कोपचं चाक हळू फिरवा. स्पष्ट होईल, मग पुन्हा किंचित मऊ होईल, तिथून परत या. मग पडद्यावर पक्ष्यावर बोट धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर मोबाइल दर सेकंदाला फोकस शोधत बसतो. उन्हात पडदा दिसत नसेल तर डोक्यावरून गडद रंगाचा पंचा किंवा टॉवेल घ्या.

बगळा पांढरा डाग होतो त्याचं कारण बहुतेक वेळा ते काळं वर्तुळच असतं. फ्रेममध्ये काळं जास्त म्हणून मोबाइलला वाटतं अंधार आहे आणि तो सगळंच उजळ करतो. आधी झूम करून वर्तुळ घालवा, मग एक्स्पोजर उणे अर्धा ते एक करा. आपल्या खडकांवर दिसणारा समुद्री बगळा पांढराही असतो आणि काळपट राखाडीही. पांढऱ्याला उणे, काळपटाला शून्य किंवा किंचित अधिक. कुरवांची पाठ राखाडी आणि पोट पांढरं, तिथे पांढऱ्यावर लक्ष ठेवा, राखाडी नंतर उजळता येतो.

एचडीआर आणि नाइट मोड बंद. त्यात मोबाइल पाठोपाठ अनेक फोटो घेऊन एकत्र करतो आणि तेवढ्यात पक्षी हलला की त्याला दोन चोची येतात. काही मोबाइल तपशील कमी दिसला की स्वतःच पिसांसारखं काहीतरी रंगवतात. फोटो छान दिसतो, पण ओळखायला निरुपयोगी. सँड प्लोव्हर छोट्या जातीचा की मोठ्या जातीचा हे चोचीच्या लांबीवरून आणि जाडीवरून ठरवायचं असेल, तिथे मोबाइलने आखलेली कड घातक आहे. रॉ (मोबाइलने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मिळत असेल तर रॉ घ्या.

फोर-के व्हिडिओतून एकेक चित्र काढणं हाही चांगला मार्ग आहे, विशेषतः पायातलं कडं किंवा झेंडी वाचायची असेल तेव्हा. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आणि इतर देशांतल्या संस्था स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात रंगीत झेंड्या घालतात. त्यावरची अक्षरं एका फोटोत वळलेली, दुसऱ्यात वाळूने माखलेली, तिसऱ्यात सावलीत असतात. व्हिडिओतल्या शेकडो चित्रांत एखादं तरी वाचता येतं. झेंडीचा रंग, कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, ही नोंदही तिथल्या तिथे करा आणि बीएनएचएसला कळवा.

मीठ आणि दमट हवा

सगळं बरोबर करूनही सगळ्याच फोटोंवर दुधाळ पडदा येत असेल, काळे भाग राखाडी होत असतील, तर पुढची काच तिरपी धरून पाहा. लाटांच्या तुषारांतलं मीठ वाळून पातळ थर झालेला असतो. तो सुक्या कपड्याने पुसलात तर वाळूचे कण काचेवर ओरखडे पाडतील. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग साध्या पाण्याने ओलसर केलेलं मायक्रोफायबर कापड, दाब न देता. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुऊन, उघडे ठेवून वाळवा, नाहीतर मिठाने स्क्रू धरतात.

मुंबई-पुण्याहून येऊन एसी खोलीत राहणाऱ्यांचा ठरलेला अनुभव: पहाटे पुळणीवर पोचताच काच धुकते, पुसली तरी पुन्हा धुकते. स्कोप रात्रीच खोलीबाहेर, पडवीत, पिशवी बंद ठेवून काढून ठेवा. विसरलात तर बाहेर आल्यावर पिशवी न उघडता अर्धा तास थांबा. मोबाइलच्या लेन्सलाही हेच लागू, आणि ती मात्र सगळे विसरतात.

जूनपासून चार महिने स्कोप कपाटात कोंडून ठेवू नका, बुरशी लागते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरायचं. कापडी किंवा चामडी पिशवीसकट स्कोप डब्यात ठेवायचा नाही, पिशवीच ओल धरते. महिन्यातून एकदा बाहेर काढून काचेत तिरपा टॉर्च मारा. आतल्या बाजूला बारीक तंतूंचं जाळं दिसलं तर स्वतः उघडायला जाऊ नका. जलरोधक स्कोपमध्ये कोरडा वायू भरलेला असतो, एकदा घरी उघडला की पुढच्या पावसाळ्यात तो आतूनच धुकायला लागतो. असा स्कोप दुरुस्त करून पुन्हा वायू भरून देणाऱ्याकडेच द्या, आणि दिवाळीच्या आत परत मिळेल असं पाहा, कारण तोवर पहिले चिखल्ये किनाऱ्यावर आलेले असतात.